मधली खुर्ची आणि दारातली जागा

एका कामासाठी दोन वस्तू ही गोष्ट नागसेन ओव्हाळला घरात चालत नाही. पाहुण्यांचे कप वेगळे आणि घरच्यांचे वेगळे, असे त्याच्या शिरूरच्या घरात कधी झाले नाही. लग्नानंतर करुणेने, त्याच्या पत्नीने, चिनीमातीचा एक संच पाहुण्यांसाठी म्हणून फळीवर जपून ठेवला होता. नागसेनने तो दुसऱ्याच दिवशी खाली काढला आणि आल्यागेल्या सर्वांना, घरच्यांनाही, त्यातूनच चहा दिला. वर्षाच्या आत संच फुटून संपला. करुणा ते अजून बोलून दाखवते, पण त्यामागचे कारण तिला ठाऊक आहे. नागसेनच्या आजोबांचा कप गावच्या हॉटेलात बाहेरच्या कोनाड्यात असे. चहा वरून ओतला जाई आणि कप त्यांनी स्वतः विसळून परत कोनाड्यात ठेवायचा असे. चहा तोच होता, दूधही तेच. फक्त कप दोन होते. एकाच गोष्टीची दोन ठिकाणे झाली की त्यातले एक ठिकाण कोणाचे ठरते, हे नागसेन कोणत्या पुस्तकात शिकला नव्हता.

म्हणून माडीवरच्या नव्या खोलीत गाणे आणि सिनेमा यांची सोय करण्याची वेळ आली, तेव्हा दोन्हींसाठी मिळून, स्पीकरांना आवाज वाटून देणारा एकच प्रोसेसर घ्यायचा, हे त्याने पहिल्याच दिवशी ठरवून टाकले. ज्याला त्याने विचारले त्याने उलटाच सल्ला दिला. शुद्ध गाणे ऐकायचे तर त्याचे यंत्र निराळे आणि सिनेमाचे निराळे, दोन्ही एकात शोधणारा मनुष्य दोन्हीकडून फसतो, असे जाणकारांचे म्हणणे होते. करुणेचा भाऊ रोहन दौंडला रेल्वेत आहे. सिनेमा म्हणजे त्याचा जीव की प्राण. त्यालाही हा हट्ट समजला नाही.

"दाजी, गाण्याला येक घ्या आन् पिक्चरला येक घ्या," तो म्हणाला. "आता तर घराघरात संडास-बाथरूम बी वेगळं झालंय."

नागसेनने त्याला कपाची गोष्ट सांगितली. रोहनने विषय सोडला, पण पटल्यामुळे नव्हे. दाजी आजोबांपर्यंत पोहोचले की वाद संपला, एवढे त्याला अनुभवाने माहीत होते.

नागसेन रांजणगावच्या एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहे. प्रेस शॉपमध्ये, पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांच्या धडधडाटात त्याने उमेदीची सारी वर्षे काढली. कानांवर आवाज अडवणारे मफ लावण्याचा नियम त्याने स्वतः पाळला आणि हाताखालच्यांना पाळायला लावला; तरी कानांच्या अलीकडच्या वार्षिक तपासणीत उजव्या कानाच्या आलेखाची रेघ किंचित खाली आलेली दिसली. डॉक्टर काळजीचे कारण नाही म्हणाले. नागसेनने मात्र त्याच आठवड्यात माडीच्या बांधकामाला गवंडी बोलावला. काही गोष्टी ऐकू येते आहे तोवरच ऐकायच्या असतात.

गाण्याची ही ओढ त्याला लागली ती लहानपणी, कासुर्डीकडे एका बागाइतदाराच्या घरी झालेल्या लग्नात. त्याची आई ताईबाई तिथे भांडी घासायला गेली होती आणि तो तिच्याबरोबर होता. लग्न लागल्यावर मांडवात गाण्याची बैठक झाली. पुण्याहून एक गायिका आली होती. पुढे गाद्या आणि तक्के होते, त्यामागे सतरंज्या, आणि सगळ्यांच्या मागे, मांडवाच्या कनातीबाहेर, जनरेटरशेजारी ही मायलेकरे बसली होती. त्यांना तिथे बसा असे कोणी सांगितले नव्हते आणि इथून उठा असेही कोणी म्हटले नव्हते. जनरेटरच्या घरघरीतून बाईंचा आवाज तुटक तुटक येत होता. एक तान अर्ध्यावर नाहीशी झाली आणि दुसरी कुठून तरी मध्येच उगवली. त्या पोराला वाटले, पुढे गादीवर जे बसले आहेत त्यांना ती अख्खी मिळत असणार. गाणे समजण्याच्या आधी त्याला ही गोष्ट समजली. नंतर पुण्याच्या वसतिगृहात असताना त्याने पुष्कळ गाणे ऐकले, पैसे साठवून मैफलींना गेला, पण मनातली ती अर्धी तान पुरी झाली नाही. एक दिवस आपल्या घरी, आपल्या खोलीत, बरोबर मधोमध खुर्ची टाकायची आणि तिच्यात बसून पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत काहीही न हरवता ऐकायचे, हे त्याने तेव्हापासून धरून ठेवले होते.

आवाजाचे सामान विकणाऱ्या अनुपमा पुण्याहून स्वतः खोली पाहायला आल्या. बोलणे मोजके, आणि गिऱ्हाइकाला हवे ते विकण्याआधी नको ते काढून टाकण्याची सवय. त्यांनी भिंती ठोकून पाहिल्या, टाळी वाजवून पाहिली. खोलीला खिडकी का नाही, असे त्यांनी विचारले. रस्त्याचा आवाज नको म्हणून ती विटांनी बुजवली, असे नागसेनने अभिमानाने सांगितले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला: बसणार किती जण आणि कुठे?

"एक खुर्ची," नागसेन म्हणाला. "मधोमध. बाकीचे बसतील कुठंही."

अनुपमांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिले आणि तसे लिहून घेतले.

आठवड्याने स्पीकर आले, पडदा आला आणि दोन प्रोसेसर पारखण्यासाठी आले. वैशाखी पौर्णिमेपर्यंत दोन्ही वापरून पाहायचे, एक ठेवायचा आणि एक परत करायचा, असे ठरले. एक काळा होता आणि एक चंदेरी. घरात त्यांची तीच नावे पडली. काळा उत्तम गाण्यासाठी घडवलेला होता आणि सिनेमाही चालवत होता. चंदेरी मुळात सिनेमाचा, पण गाण्याचीही त्याला चांगली समज होती. प्रोसेसर म्हणजे नेमके काय, हे ताईबाईंनी विचारले, तेव्हा नागसेनने त्यांना समजेल असे सांगितले: आवाज आधी याच्याकडे येतो, मग कुठल्या स्पीकरने काय करायचे, किती करायचे आणि केव्हा करायचे हे हा ठरवतो. माझ्यासारखाच सुपरवायझर.

"म्हंजी सोता काय करत न्हाई," ताईबाई म्हणाल्या. "नुसतं दुसऱ्याला सांगत बसतो."

खोलीप्रमाणे आवाज बेतून घेण्यासाठी प्रोसेसरबरोबर एक लहान माइक येतो. ऐकणाऱ्याचे डोके जिथे असेल तिथे तो ठेवायचा; मग प्रत्येक स्पीकर एकेक चढती शीळ घालतो आणि प्रोसेसर त्या जागेसाठी सारा हिशेब जुळवतो. नागसेनने माइक मधल्या खुर्चीत, आपल्या कानांच्या उंचीवर ठेवला. घरातल्यांना खाली पाठवले, पंखा बंद केला आणि आधी काळ्याचे मोजमाप घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिली पाळी संपवून आल्यावर तो एकटा खुर्चीत बसला आणि त्याने एका गायिकेचा जुना ध्वनिमुद्रित राग लावला. बाई समोर येऊन बसल्या, याहून वेगळे काही म्हणता येणार नाही. दोन स्पीकरांच्या मध्ये, जिथे केवळ पडदा आणि त्याखालचा बंद मधला स्पीकर होता, तिथे त्या बसल्या होत्या. तान घेण्याआधीचा त्यांचा श्वास ऐकू आला. तंबोऱ्याच्या तारा एकमेकींपासून सुट्या झाल्या. नागसेनच्या डोळ्यांत पाणी आले नाही. तो तसा मनुष्य नव्हे. त्याने फक्त दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि पाठ टेकली. गाद्या-तक्क्यांवर बसलेल्या माणसांची जागा आता त्याची होती. काळाच ठेवायचा, हे त्याच बैठकीत ठरले.

प्रश्न उरला तो बाकीच्यांचा. रविवारी रोहन दौंडहून आला. त्याच्यासाठी आणि बारावीत गेलेल्या सीमासाठी, म्हणजे नागसेनच्या मुलीसाठी, हाणामारीचा सिनेमा लावला गेला. मधल्या खुर्चीत नागसेन होता. त्याला सर्व काही नेमके ऐकू येत होते. डाव्या कोपऱ्यातल्या करुणेवर प्रत्येक स्फोट नुसता आदळत होता. उजव्या बाजूच्या रोहनला त्यातले निम्मेही पोहोचत नव्हते आणि तो सारखा आवाज वाढवा म्हणत होता. सीमा मागच्या भिंतीला टेकली होती. ती मध्येच उठून खाली गेली आणि मोबाइलवर तोच सिनेमा पाहू लागली.

करुणा सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. रोग्याला खरे सांगताना आवाज चढवायचा नसतो, हे तिला ठाऊक आहे.

"वैशाखी पौर्णिमेला माझी माणसं येतील," सिनेमा संपल्यावर ती म्हणाली. "त्या दिवशी सगळ्यांना इथं बसून नीट ऐकू आलं, तर खोली अशीच ऱ्हाऊ द्या. न्हाईतर सीमाचं टेबल वर येईल. तिला अभ्यासाला जागा न्हाई आन् तुमच्या येकट्याच्या कानाला अख्खी खोली, हे मला जमायचं न्हाई."

नागसेनने मान डोलावली. अट रास्त होती. त्याने मनात धरले की ही केवळ मोजमापाची अडचण आहे. मोजमाप त्याचे रोजचे काम होते. शिवाय त्या दिवशी खोलीत त्याची खरी परीक्षक आलीच नव्हती. हे सगळे शेवटी कोणासाठी आहे, असे त्याला कोणी विचारले असते तर त्याने ताईबाईंचे नाव सांगितले असते. जनरेटरशेजारी तो एकटा बसला नव्हता. मधल्या खुर्चीत तिला बसवून ती तान पुरी ऐकवली की करुणेची अट आपोआप पुरी होईल, असा काहीसा विश्वास त्याला वाटत होता.

पण गुडघ्यांमुळे ताईबाई माडी चढायला तयार नव्हत्या. शेवटी एका सकाळी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, कठडा धरून एकेक पायरी चढत त्या वर आल्या. त्याने त्यांना खुर्चीकडे नेले. त्यांनी खुर्ची पाहिली, खोली पाहिली, आणि दाराशी परत जाऊन उंबरठ्याला टेकून खाली बसल्या. नागसेनने हात पुढे केला. त्यांनी तो नाकारला आणि गाणे लाव म्हणाल्या.

त्याने गाणे लावले. ताईबाईंनी डोळे मिटून थोडा वेळ ऐकले. मग हाताने डावीकडच्या स्पीकरकडे खूण केली.

"बाई त्या कोपऱ्यातल्या खोक्यातच बसलीया," त्या म्हणाल्या. "मधी कोण न्हाई."

नागसेनला ते लागले. दाराजवळून तसेच ऐकू येणार, कारण तो स्पीकर दाराच्या अगदी जवळ आहे, म्हणून तर खुर्चीत बस म्हणतो, असे तो काहीशा कठोरपणे म्हणाला. मग त्याने वर्षानुवर्षे मनात ठेवलेले बोलून टाकले.

"आई, आता दारात बसायचं न्हाई. कासुर्डीला बसलो ते बसलो. आपलं घर हाय. मधी बसायचं."

"आरं, दारात हवा लागती," ताईबाई म्हणाल्या. "तुज्या खोलीची खिडकी तूच बुजवलीस."

तो उभाच राहिला. ताईबाईंनी पदराने मान पुसली आणि मग, जणू दुसऱ्याच कोणाविषयी बोलत आहेत अशा सुरात, कासुर्डी आपण तरी कुठे विसरलो आहोत, असे म्हणाल्या. त्याने विचारले, तिथे आपल्याला बसवले तरी कोणी होते?

"कुणी न्हाई. पाय तिकडंच वळलं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी खुर्चीकडे हनुवटीने दाखवले. "तिथं बसलं की मागं कोण बसलंय ते दिसत न्हाई. पुढं बसल्यालं लोक काय वाईट न्हवतं, नागू. त्यास्नी मागचं दिसतच न्हवतं."

गाणे चालूच होते. नागसेन आईशेजारी, दाराच्या चौकटीला पाठ लावून, जमिनीवर बसला. इतक्या दिवसांत तो या जागी एकदाही बसला नव्हता. बाई खरोखरच कोपऱ्यातल्या खोक्यात कोंबल्या गेल्या होत्या. तंबोरा एका कानाला कर्कश लागत होता आणि दुसऱ्या कानापर्यंत पोहोचत नव्हता. एक तान सुरू झाली आणि अर्ध्यावर विरली. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. इथे जनरेटर नव्हता, बागाइतदार नव्हता, कनात नव्हती. ही मांडणी त्याने स्वतः, माइक हातात घेऊन, आपल्या डोक्याच्या उंचीवर मोजून केली होती.

माणसाने अन्यायाची जागा बदलली म्हणजे अन्याय संपत नाही, हे तो सभांमधून ऐकत आणि इतरांना सांगत आला होता. आपल्याच माडीवर ते आपल्याला लागू पडेल, असे त्याला वाटले नव्हते. एकच प्रोसेसर हवा हा त्याचा आग्रह खरा होता. फक्त यंत्र एक ठेवून जागा दोन केल्या होत्या: एक मधली आणि एक उरलेली. कप एकच, पण कोनाडा तसाच.

त्याच्या निश्चयाला ढळणे ठाऊक नव्हते. आता त्या निश्चयाने दिशा बदलली. त्याच दुपारी त्याने छन्नी-हातोडा आणला आणि बुजवलेल्या खिडकीच्या विटा काढायला सुरुवात केली. करुणा धूळ पाहून वर आली, काय चालले आहे ते पाहिले आणि खाली जाऊन झाडू घेऊन आली.

मग त्याने अनुपमांना फोन केला आणि खोलीत किती जण बसतील आणि कुठे, हे आपण चुकीचे सांगितले होते, असे कबूल केले. त्यांना फारसे आश्चर्य वाटले नाही. बहुतेक लोक खोली सांगताना स्वतःचीच जागा सांगतात, म्हणाल्या. त्यांनी त्याला चंदेरी नीट समजावून दिला. काळ्याला एका जागेसाठी बारकाईने जुळवता येते. चंदेरी मात्र अनेक जागांची मोजमापे घेऊन सर्वांना सोसेल असा मेळ घालतो. शिवाय गाणे चालू असताना पडद्याखालच्या मधल्या स्पीकरलाही कामाला लावतो, म्हणजे गाणारा कोणत्याही कोपऱ्यातून मध्येच ऐकू येतो. मात्र मधल्या खुर्चीतली काळ्याची ती बारकाई चंदेरीत मिळणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. शुद्ध गाणे ऐकणारे मधला स्पीकर पापासारखा टाळतात, हेही सांगितले.

"ओव्हाळ सर, तुम्हाला काळा फार आवडला होता," त्या म्हणाल्या. "नक्की का?"

"नक्की," नागसेन म्हणाला.

चंदेरीचे मोजमाप घेताना त्याने घरातल्या प्रत्येकाला त्याच्या रोजच्या जागी बसवून पाहिले आणि मग एकेकाला उठवून त्या जागी माइक ठेवला. रोहन नव्हता, म्हणून त्याच्या जागी सीमा बसली आणि मामासारखी पोट पुढे काढून डुलकी घेऊ लागली. पहिले मोजमाप दाराचे घेतले. ताईबाई जमिनीवर बसत, म्हणून स्टँड तिथे फार उंच होत होता. करुणेने खालून पाट आणून दिला आणि माइक पाटावर, एका डब्यावर, ताईबाईंच्या कानाच्या उंचीला टेकवला गेला. मधली खुर्ची त्याने सर्वांत शेवटी मोजली. स्पीकरांच्या शिळा चालू असताना उघड्या खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आत येत होता. मोजमाप बिघडू नये म्हणून तेवढ्यापुरती तिच्यावर गोधडी टांगली.

दुसऱ्या दिवशी काळा खोक्यात घालून परत पाठवण्याआधी त्याने शेवटचे एकदा तोच राग दोन्हींवर ऐकला, मधल्या खुर्चीत बसून. चंदेरीवर बाई समोरच होत्या, पण तान घेण्याआधीचा श्वास तितका स्पष्ट नव्हता. तंबोऱ्याच्या तारा किंचित एकमेकींत मिसळल्या होत्या. कमी झाले होते, यात शंका नव्हती. ते कमी झाले नाही, असे त्याने स्वतःला समजावले नाही. कमी झाल्याचे मान्य केल्याशिवाय सोडण्याला अर्थ नसतो. त्याने खोका बांधला, दोरीची गाठ दोनदा तपासली आणि तो खाली नेऊन ठेवला.

वैशाखी पौर्णिमेला सकाळी सारे विहारात वंदनेला गेले. परत आल्यावर खीर झाली आणि मग दौंडची मंडळी माडीवर चढली. रोहनने खिरीची वाटी घेऊन सरळ मधली खुर्ची गाठली. कोणी त्याला उठवले नाही. आधी थोडा वेळ सिनेमा झाला. करुणा डाव्या कोपऱ्यात होती, सीमा मागे भिंतीला टेकून. तिने मोबाइल काढला नाही. स्फोट झाले तेव्हा खोलीतले सगळेच एकदम दचकले आणि सगळेच एकदम हसले.

मग नागसेनने तो राग लावला. रोहनने खुर्चीतून मागे वळून पाहिले. बहुधा आवाज वाढवा म्हणणार होता, पण म्हणाला नाही. नागसेन दाराशी आईजवळ बसला. बाईंनी आलाप घेतला. ताईबाईंनी पूर्वीसारखेच डोळे मिटले. तान आली, चढली, वळली आणि आपल्या ठिकाणी येऊन पोहोचली.

"मधी आली," ताईबाई म्हणाल्या.

करुणेने ते ऐकले. सीमाच्या टेबलासाठी खालच्या खोलीतच कपाटाशेजारी जागा करावी लागेल, असे तिने भावाला सांगितले आणि खिरीच्या वाट्या गोळा करू लागली.

नागसेनने आईला एकदा विचारले, आता खिडकी उघडली आहे, हवा सगळीकडे खेळते, तर आत येऊन बसणार का? ताईबाईंनी नकार दिला. दारात आता दोन्हीकडून वारा लागतो, म्हणाल्या. आणि इथून सगळे दिसतात.

पहिल्या पाळीच्या दिवशी कंपनीची बस येण्याआधी नागसेनला थोडा मोकळा वेळ असतो. तेव्हा तो कधीकधी माडीवर जाऊन एकटाच मधल्या खुर्चीत बसतो आणि तो राग लावतो. तान घेण्याआधीचा श्वास आता नीट ऐकू येत नाही. तिथे तो थोडा थांबून कान देतो, आणि मग पुढचे ऐकतो.